विश्लेषण : बोलोन्यात शिकायला जाणाऱ्यांची पहिली परीक्षा घराची का असते?

इटलीतील बोलोन्या विद्यापीठाची स्थापना १०८८ सालची मानली जाते. अखंड सुरू असलेले युरोपातील सर्वात जुने विद्यापीठ अशी त्याची ओळख आहे. सुमारे चार लाख वस्तीच्या या शहरात दरवर्षी हजारो परदेशी विद्यार्थी येतात आणि त्यातले अनेक जण ‘एक्सचेंज’वर, म्हणजे एका सत्रासाठी किंवा वर्षासाठी आलेले असतात. प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती असे अडथळे पार करून आलेल्या या मुलांना सगळ्यात जास्त दमवते ती खोलीची शोधाशोध. गंमत म्हणजे हा प्रश्न विद्यापीठाइतकाच जुना आहे.

विद्यापीठाचा आणि घरभाड्याचा संबंध काय?

बोलोन्या विद्यापीठ कोणा राजाने किंवा धर्मपीठाने स्थापन केले नाही. रोमन कायदा शिकण्यासाठी दूरदूरच्या प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापले गट बांधले, शिक्षक नेमले आणि त्यांना मानधन दिले. गटांचे दोन मोठे संघ होते. एक आल्प्सच्या अलीकडच्यांचा, दुसरा पलीकडच्यांचा. तासाला उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंड करण्याची तरतूदही त्यांच्या नियमांत होती.

परक्या शहरात या विद्यार्थ्यांना नागरिकांचे हक्क नव्हते. एखाद्याने कर्ज बुडवले तर त्याच्या गावच्या दुसऱ्या कोणालाही धरून वसुली केली जाई. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने बाराव्या शतकाच्या मध्यास काढलेल्या ‘हबिता’ या फर्मानाने शिकण्यासाठी प्रवास करणाऱ्यांना या जाचातून सोडवले. भाड्याचा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतः हाती घेतला. शहराचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी मिळून घरांचे वाजवी भाडे ठरवत. शहराशी पटले नाही, तर सामान बांधून दुसरीकडे जाण्याचे हत्यार त्यांच्याकडे होते. १२२२ मध्ये एक मोठा गट बोलोन्या सोडून गेला आणि त्यातूनच पादुआ विद्यापीठ उभे राहिले.

प्रसिद्ध कमानी कशासाठी बांधल्या?

बोलोन्यात पाऊस असो वा ऊन, छत्रीशिवाय मैलोनमैल चालता येते. रस्त्याच्या कडेने घरांखालून जाणाऱ्या कमानीदार वाटा, म्हणजे ‘पोर्तिको’, हे त्याचे कारण. शहरातील पोर्तिकोंची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर आहे. २०२१ मध्ये त्यांतील निवडक भागांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सान लुका टेकडीवर जाणारा पोर्तिको पावणेचार किलोमीटरहून लांब असून त्याला ६६६ कमानी आहेत.

या वाटा सौंदर्यासाठी बांधलेल्या नाहीत. विद्यार्थी, व्यापारी, कारागीर यांची गर्दी वाढली तशा घरमालकांनी वरच्या मजल्यांवर जादा खोल्या काढल्या. त्या रस्त्यावर पुढे आल्या आणि त्यांना आधार म्हणून खाली खांब उभे राहिले. इतरत्र अशा बांधकामांवर बंदी आली. बोलोन्याने मात्र १२८८ मध्ये नव्या घरांना पोर्तिको सक्तीचा केला. वरची जागा मालकाची, पण खालची वाट सगळ्यांच्या वापराची, हा तो व्यवहार. खोल्यांच्या टंचाईनेच या शहराला आजचा चेहरा दिला.

आज खोली मिळणे इतके अवघड का?

विद्यापीठात सुमारे नव्वद हजार विद्यार्थी आहेत आणि वसतिगृहांतील जागा त्यामानाने फारच कमी. बहुतेकांना खासगी घरात वाटा घ्यावा लागतो. त्यातच बोलोन्या पर्यटकांच्या पसंतीस उतरले आणि जुन्या भागातील अनेक घरे काही दिवसांच्या भाड्याने जाऊ लागली. पर्यटकाकडून आठवड्यात मिळणारे पैसे पाहता विद्यार्थ्याला वर्षभर घर देणे मालकाला परवडेनासे वाटते. २०२३ च्या मे महिन्यात मिलानमधील विद्यार्थ्यांनी भाडेवाढीविरोधात तंबू ठोकून आंदोलन केले. ते पाहता पाहता रोम, बोलोन्यासह इतर विद्यापीठांच्या शहरांत पसरले.

जाहिरातींत दोन शब्द सतत दिसतात. ‘स्तान्झा सिंगोला’ म्हणजे एकट्याची खोली आणि ‘पोस्तो लेत्तो’ म्हणजे सामायिक खोलीतील एक खाट. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा प्रकार ‘कॉट बेसिस’ म्हणून चांगलाच ठाऊक आहे. एक्सचेंजच्या विद्यार्थ्याची अडचण अशी की त्याला पाच-सहा महिनेच राहायचे असते, म्हणून मालक आणि घरातील इतर मुलेही वर्षभर राहणाऱ्याला पसंती देतात. शिवाय तो भारतात बसून शोधत असतो. घर न दाखवता आगाऊ रक्कम मागणारे भामटे नेमके अशांनाच गाठतात.

भाडेकरारात काय पाहावे?

इटलीच्या १९९८ च्या कायद्यात विद्यार्थ्यांसाठी खास करार आहे. त्याची मुदत सहा महिने ते तीन वर्षे असू शकते. भाड्याची मर्यादा स्थानिक पातळीवरील समझोत्यातून ठरते. त्यात नगरपालिका, मालक-भाडेकरूंच्या संघटना आणि विद्यार्थी संघटनाही सहभागी होऊ शकतात. मध्ययुगातील भाडे ठरवणाऱ्या मंडळाची ही आधुनिक आवृत्तीच म्हणायची.

करार कर कार्यालयात तीस दिवसांच्या आत नोंदवावा लागतो. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. नोंदणीशिवाय दिलेल्या घराला तिकडे ‘इन नेरो’, म्हणजे काळ्यात, म्हणतात. भाडे थोडे कमी पडते म्हणून असे घर घेण्याचा मोह होतो. पण मग अनामत परत मिळवताना हाती कागद नसतो. युरोपीय संघाबाहेरच्या व्यक्तीला घरात ठेवणाऱ्याने ४८ तासांत पोलिसांना कळवणेही बंधनकारक आहे. मालक ते टाळत असेल, तर विद्यार्थ्याने सावध व्हावे.

पहिल्या आठवड्यात कोणती कागदपत्रे?

नव्वद दिवसांहून अधिक राहण्यासाठी भारतातूनच ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. पोहोचल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी, म्हणजे ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’साठी, अर्ज करावा लागतो. त्याचे पाकीट टपाल कार्यालयात मिळते आणि तिथेच भरून द्यायचे असते. अर्जाला लागणारे सोळा युरोंचे मुद्रांक मात्र तंबाखूच्या दुकानात मिळते. टपालाची पावती जपून ठेवायची. परवाना हाती येईपर्यंत तीच आधार असते आणि त्याला काही महिनेही लागू शकतात.

दुसरा कागद ‘कोदिचे फिस्काले’, म्हणजे सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक. भाडेकरार, बँक खाते, मोबाइल कार्ड यांसाठी तो विचारला जातो. आपल्याकडच्या पॅन कार्डासारखाच, पण दैनंदिन व्यवहारात त्याहून जास्त लागणारा. तिसरी गोष्ट आरोग्याची. सरकारी आरोग्य सेवेत स्वेच्छेने नाव नोंदवण्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांना पूर्वी वर्षाला सुमारे दीडशे युरो पडत. २०२४ पासून ही रक्कम ७०० युरो झाली. ती जानेवारी ते डिसेंबर या वर्षासाठी असते. वर्षअखेरीस नोंदणी केली तरी कमी होत नाही. त्यामुळे एका सत्रासाठी जाणाऱ्यांनी खासगी विम्याची तुलना आधीच करून ठेवावी.

‘एक्सचेंज’मध्ये शिक्षणाचा हिशेब कसा?

१९८७ मध्ये सुरू झालेला ‘इरॅस्मस’ कार्यक्रम मूळचा युरोपीय देशांपुरता होता. आताच्या ‘इरॅस्मस प्लस’मध्ये भारतासारख्या देशांतील विद्यार्थ्यांनाही संधी आहे. मात्र आपल्या विद्यापीठाचा तिथल्या विद्यापीठाशी करार असावा लागतो. शुल्क साधारणपणे मायदेशीच भरले जाते. तिथे कोणते विषय घेणार आणि ते इथे कसे धरले जाणार, याचा लेखी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ जाण्यापूर्वी होतो. सत्राला साधारण ३० युरोपीय श्रेयांक असतात आणि इटलीत एक श्रेयांक म्हणजे २५ तासांचा अभ्यास. हा दस्तऐवज नीट झाला नाही, तर परत आल्यावर विषय पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते.

परीक्षेची पद्धतही वेगळी आहे. गुण तीसपैकी, उत्तीर्ण होण्यासाठी अठरा. अनेक विषयांत लेखी पेपर नसतो. प्राध्यापकासमोर बसून तोंडी उत्तरे द्यायची आणि तीही इतर मुलांच्या देखत. पाठांतरावर निभावून नेणाऱ्याची इथे पंचाईत होते, कारण पुढचा प्रश्न आपल्याच उत्तरातून निघतो. परीक्षेच्या तारखा एकाहून अधिक असतात. पहिल्या सत्राच्या परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. नाताळाच्या सुटीतच परतीचे तिकीट काढणाऱ्याची ती संधी हुकते.

जेवणाखाण्याचे काय?

बोलोन्याला तीन टोपणनावे आहेत : विद्वान, लठ्ठ आणि लाल. पहिले विद्यापीठामुळे, दुसरे खाद्यपदार्थांमुळे आणि तिसरे विटांच्या रंगावरून व डाव्या राजकारणावरून. शाकाहारी मुलांना यातल्या दुसऱ्या नावाची थोडी धास्ती वाटते. प्रसिद्ध तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचे मांस असते. साध्या दिसणाऱ्या पिआदिना या पोळीतही पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातील विकर वापरतात. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे चरबीविना, हेही विचारावे लागते. बाकी भाजीबाजार उत्तम आहे आणि सामायिक स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली की ओळखीही पटकन होतात.

मग जाताना काय लक्षात ठेवावे?

शहराच्या मध्यभागी दोन मनोरे आहेत. ९७ मीटर उंच असिनेल्ली आणि तिच्याशेजारी कललेली गारिसेंदा. पदवी हाती येण्याआधी असिनेल्लीवर चढणारा पदवीधर होत नाही, असा विद्यार्थ्यांचा समज आहे. गारिसेंदाच्या सुरक्षिततेच्या चिंतेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरपासून असिनेल्लीही चढण्यासाठी बंद झाली, तेव्हा हा मोह सध्या तरी नाही. जवळच आर्किजिन्नासिओ ही विद्यापीठाची १५६३ ची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर आणि छतांवर हजारो विद्यार्थ्यांची कुलचिन्हे रंगवलेली आहेत. त्यातले कित्येक बाहेरून आलेले होते.

पाच महिन्यांच्या मुक्कामातला एक महिना खोली शोधण्यात गेला, तर शिकायला चारच उरतात. म्हणून नाव निश्चित झाल्याबरोबर विद्यापीठाच्या निवास कक्षाला आणि एमिलिया-रोमान्या प्रांताच्या ‘एर्गो’ या विद्यार्थी साहाय्य संस्थेला लिहावे. पहिल्या दहा-पंधरा दिवसांसाठी तात्पुरती सोय करून जावे आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. करार नोंदवण्याचा आग्रह धरताना संकोच वाटायचे कारण नाही. या शहरात परदेशी विद्यार्थी भाड्यासाठी मालकांशी हुज्जत घालत आले आहेत, तेही आठशे वर्षांपासून.