वायफायचं नाव लपवून घर सुरक्षित होत नाही

घरच्या वायफायची मनापासून काळजी घेणारी माणसंसुद्धा बहुतेक वेळा मेहनत चुकीच्या ठिकाणी खर्च करतात. नेटवर्कचं नाव लपवतात, परवानगी असलेल्या फोनची यादी करून राउटरमध्ये भरतात, राउटर आतल्या खोलीत हलवतात. पासवर्ड मात्र घरातल्याच कोणाचा तरी मोबाइल नंबर असतो. कष्टाचे उपाय फारसे उपयोगाचे नसतात आणि घुसखोराला खरोखर अडवणारे उपाय तासाभरात होतात, हे अजून पुरेशा घरांपर्यंत पोचलेलं नाही. म्हणून नेहमी कानावर पडणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज : आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?

वस्तुस्थिती : अनेकदा घुसखोराला तुमच्या फाइलींशी काही घेणंदेणं नसतं. त्याला तुमच्या नावावरची जोडणी वापरायची असते. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप बाहेरच्या जगाला साधारणपणे एकाच आयपी पत्त्यावरून आलेले दिसतात आणि तपास त्या पत्त्यावरून जोडणीच्या मालकाकडे पोचतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका अमेरिकी रहिवाशाच्या फ्लॅटवर पोचले. त्याच्या वायफायला संरक्षण नव्हतं आणि ईमेल पाठवणाऱ्यांनी तेच वापरलं होतं. त्या रहिवाशाला चौकशीला सामोरं जावं लागलं, त्याचे संगणक तपासले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं वायफाय अशाच ईमेलसाठी वापरलं गेलं. यांतल्या कोणाकडेही चोरण्यासारखं काही असण्याची गरज नव्हती.

गैरसमज : पासवर्ड ठेवलाय, म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : कोणता पासवर्ड, यावर सगळं अवलंबून आहे. फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटर आणि फोन यांच्यात ओळख पटवणारी देवाणघेवाण होते. आज बहुतेक घरांत असलेल्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत ही देवाणघेवाण जवळपास उभं राहून टिपता येते. मग हल्लेखोर घरी जाऊन आपल्या संगणकावर एकामागून एक पासवर्ड ताडून पाहतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे चुकीचे प्रयत्न मोजून त्याला थांबवणारं कोणी नसतं.

२०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफाय नेटवर्कांचे नमुने गोळा केले आणि त्यांतले सुमारे ७० टक्के पासवर्ड शोधून काढले. त्यांत मोबाइल नंबर मोठ्या संख्येने होते. इस्रायलमधले मोबाइल नंबर ०५ ने सुरू होतात, म्हणजे उरलेल्या आठ अंकांच्या १० कोटी शक्यता. त्या तपासायला साध्या लॅपटॉपला सुमारे ९ मिनिटं पुरतात.

आपल्याकडचे नंबर दहा अंकी असतात आणि पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता, चाळीसपट. त्याच वेगाने सहा तासांत सगळे नंबर तपासून होतात. तुमचा नंबर गुप्त असण्यानसण्याने काही फरक पडत नाही, कारण यंत्र सगळेच नंबर तपासतं. आडनाव आणि जन्मवर्ष, मुलांची नावं, देवाचं नाव आणि त्यापुढे १२३ हे पासवर्डही तितकेच कच्चे.

उपाय सोपा आहे. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्या, ते रोमन लिपीत लिहा आणि मध्ये एखादी खूण टाका. अडकित्ता, गोदावरी, वंगण, तंबोरा, पोपटी अशी जुळणी चालेल, पण हीच नको. म्हण, अभंगाची ओळ किंवा गाण्याचं ध्रुवपद टाळा, कारण लोकांच्या तोंडी असलेली वाक्यं ताडणाऱ्यांच्या याद्यांमध्ये येऊ शकतात. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. आठावर थांबायचं काही कारण नाही.

गैरसमज : नेटवर्कचं नाव लपवलं की ते कोणाला दिसत नाही.

वस्तुस्थिती : दारावरची पाटी काढली म्हणून घर नाहीसं होत नाही. नाव लपवल्यावरही राउटर आपल्या असण्याची खूण हवेत पाठवतच राहतो, फक्त त्यात नावाची जागा रिकामी असते. घरातला फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे उच्चारतो आणि मोफत मिळणाऱ्या साधनांनी ते टिपता येतं. शिवाय लपलेलं नेटवर्क शोधण्यासाठी तुमचा फोन बाहेर गेल्यावरही त्या नावाने हाका मारत राहू शकतो. नाव दिसू द्या. त्यात फक्त आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नका.

गैरसमज : ठरावीक फोनांची यादी राउटरला दिली की बाहेरचा येऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : ही यादी प्रत्येक उपकरणाच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकावर, चालते. वायफायवरून जाणारी माहिती कुलूपबंद असली तरी मॅक पत्ता उघडाच प्रवास करतो. तो पाहून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता देणं काही मिनिटांचं काम आहे. आता तर २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन स्वतःच वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे अशा यादीत घरचीच माणसं अडकतात. राउटरमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं, तर ते घरातल्याच फोनचं असू शकतं हेही लक्षात ठेवा. आधी घरातली उपकरणं मोजा. खरोखर शंका वाटली, तर वायफायचा पासवर्ड बदला.

गैरसमज : वायफायचा पासवर्ड बदलला, म्हणजे राउटरचाही बदलला.

वस्तुस्थिती : हे दोन वेगळे पासवर्ड आहेत. एक वायफायला जोडण्यासाठी, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता टाकला की उघडणारं पान या दुसऱ्या पासवर्डवर चालतं आणि अनेक घरांत तो कारखान्यातून आला तसाच असतो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमकं हेच हेरलं. कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून तो जगभरातल्या लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटरमध्ये शिरला. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिका-युरोपात तासन्तास अडखळल्या. त्या उपकरणांच्या मालकांना आपण या हल्ल्यात सामील आहोत याची कल्पनाही नव्हती. हा दुसरा पासवर्ड बदला आणि बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटरचं सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवा.

गैरसमज : डब्ल्यूपीएसची सोय कंपनीनेच दिली आहे, मग ती सुरक्षितच असणार.

वस्तुस्थिती : पासवर्ड न टाइपता जोडणी करून देणारी ही सोय. तिच्यातला आठ अंकी पिन धोक्याचा आहे. शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. पहिल्या चार अंकांच्या १०,००० शक्यता, पुढच्या तीन अंकांच्या १,०००. म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. डिसेंबर २०११ मध्ये ही त्रुटी जाहीर झाली. त्यानंतर काही राउटरांनी प्रयत्नांवर मर्यादा घातली, पण आपल्या राउटरमध्ये ती आहे की नाही याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा डब्ल्यूपीएस बंद करणं शहाणपणाचं. ही सोय बंद केली तरी वायफाय पूर्वीसारखंच चालतं.

गैरसमज : एकदा बसवलेला राउटर बिघडेपर्यंत चालतो.

वस्तुस्थिती : राउटरही संगणकच आहे आणि त्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकातली डब्ल्यूईपी पद्धत २००१ मध्येच संशोधकांनी मोडून दाखवली. २००७ पर्यंत ती मिनिटाच्या आत फोडता येऊ लागली. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या जोडणीच्या टप्प्यातही त्रुटी सापडली. ती सॉफ्टवेअर अपडेटने दुरुस्त होण्यासारखी होती, पण ज्यांनी अपडेट घेतलं त्यांच्याच घरी ती दुरुस्त झाली. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतले किमान पाच लाख राउटर आणि तत्सम उपकरणं ग्रासली.

अपडेट आपोआप घेण्याची सोय असेल तर ती चालू करा. राउटर डब्ल्यूपीए३ देत असेल तर तो पर्याय निवडा. त्यात देवाणघेवाण टिपून घरी बसून पासवर्ड ताडता येत नाही, प्रत्येक प्रयत्न राउटरसमोरच करावा लागतो. डब्ल्यूपीए२ सुद्धा न देणारा राउटर मात्र बदलायलाच हवा.

गैरसमज : कोणी वायफायमध्ये शिरला की बँकेतले पैसे गेलेच.

वस्तुस्थिती : बँकेची ॲप आणि संकेतस्थळं माहिती स्वतंत्रपणे कुलूपबंद करून पाठवतात, त्यामुळे वायफायमध्ये शिरलेल्याला ती सरळ वाचता येत नाही. खरा धोका वेगळा आहे. राउटरची सेटिंग बदलून तो तुम्हाला नकली संकेतस्थळाकडे वळवू शकतो किंवा घरातल्या कॅमेऱ्यासारख्या कमकुवत उपकरणावर हात टाकू शकतो. म्हणून ब्राउझरने संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर पुढे जाऊ नका. पाहुणे, भाडेकरू, टीव्ही आणि कॅमेरे यांच्यासाठी राउटरमधलं वेगळं पाहुणा-नेटवर्क वापरा. मग मुख्य पासवर्ड कोणालाही द्यावा लागत नाही आणि पाहुण्याला नाही म्हणण्याचा संकोचही उरत नाही.

कामाचा क्रम

आधी राउटरचा दुसरा पासवर्ड बदला. मग वायफायला लांब पासवर्ड द्या, सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ आहे हे पाहा, डब्ल्यूपीएस बंद करा, अपडेट घ्या, पाहुणा-नेटवर्क सुरू करा. जोडणी द्यायला येणारा तंत्रज्ञ सोयीसाठी तुमचाच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून टाकून देऊ लागला, तर त्याला तिथेच थांबवा आणि पासवर्ड स्वतः टाइप करा. गावी एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या घरी पुढच्या वेळी जाल, तेव्हा त्यांच्या राउटरवरही ही सगळी कामं करा आणि नवे पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून द्या. चोर हवेतून येतो, त्याला कपाटातली वही वाचता येत नाही.