षड्जाच्या पोटातला गांधार

आज मार्गशीर्ष पौर्णिमा. सायंकाळी घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलेल, आरतीनंतर करुणात्रिपदीचे स्वर उमटतील, आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस, पालखीपुढे पदे म्हटली जातील. या दिवशी दत्तमहाराजांच्या पाठोपाठ मला आठवण होते ती वाडीच्या शेजारच्या कुरुंदवाडातील एका कीर्तनकाराच्या मुलाची. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालले असता त्या मुलाच्या डोळ्यांस इजा झाली. उपचारासाठी त्यास मिरजेस नेले. दृष्टी पूर्ववत झाली नाही. परंतु मिरजेत त्यास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू लाभले. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा. हा मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणारे आणि उत्तरायुष्यात नाशकास रामनाम आधार आश्रमात रामकथेत रमलेले.

कीर्तनकाराच्या घरातून ख्यालाकडे आणि ख्यालाकडून पुन्हा रामनामाकडे जाताना त्या पुरुषास वाटेत कोठे भिंत लागली नाही. आपल्या भाविक घरांत मात्र ती भिंत आहे. उत्तररंग आटोपून बुक्का लावताना श्रोते मला म्हणतात, "बुवा, अभंग ऐकताना डोळे भरून येतात, पण त्या मोठ्या गाण्यातले आम्हांला काही कळत नाही. अर्धा तास एकाच शब्दाभोवती फिरत राहतात!" यातील पहिले वाक्य खरे आहे. दुसऱ्याविषयी थोडे बोलायचे आहे.

संगीताच्या शास्त्राचा एक थोर ग्रंथ आपल्याच भूमीत, देवगिरीस, तेराव्या शतकात लिहिला गेला. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर'. ग्रंथकर्त्याचे आजोबा काश्मीरचे, आणि स्वतः ते यादवराजा सिंघण याच्या दरबारी हिशेबाच्या खात्याचे अधिपती. (जमाखर्च पाहणाऱ्या मनुष्याने श्रुतींचाही हिशेब इतका चोख ठेवावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते.) हा ग्रंथ रागांपासून आरंभ करीत नाही, मानवी देहापासून करतो. आत्म्यास बोलण्याची इच्छा होते, तो मनास प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीस चेतवते, अग्नी वायूस हलवतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा असा वर चढत नाद होतो. मंद्र सप्तकाचे स्थान हृदय, मध्याचे कंठ, ताराचे मूर्धा. ख्यालगायक प्रथम खाली मंद्रात का रेंगाळतो, याचे उत्तर मला येथे सापडले. कथेस रंग चढण्यापूर्वी आम्ही कीर्तनकार पूर्वरंगात जी भूमी तयार करतो, तेच काम तो स्वरांनी करीत असतो. पूर्वरंगास कंटाळणारा श्रोता उत्तररंगाचा अधिकारी होत नाही, हे तुम्हांस ठाऊकच आहे.

अनाहत नादाविषयीही शार्ङ्गदेवांचे म्हणणे मोठे मोकळे आहे. तो मुक्ती देतो, पण मुनींचा. सामान्य जनांचे मन त्यात रमत नाही. म्हणून लोकांचे रंजन करणारा आणि भवबंधही तोडणारा असा आहत नादच ते आपल्यापुढे मांडतात. रंजन हा शब्द त्यांनी खाली मान घालून उच्चारलेला नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. मी शब्दांवर जगलेला माणूस. धातू, प्रत्यय, अन्वय यांत हयात गेली. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. स्तोत्रे म्हणून पाहिली, आख्याने लावून पाहिली. त्या माझ्या तोंडाकडे पाहत, आणि शब्द परके झाल्यासारखे डोळे फिरवून घेत. एके दिवशी कीर्तनाच्या तयारीसाठी तंबोरा जुळवीत बसलो होतो. त्यांनी डावा हात पुढे केला. मी तंबोरा मांडीजवळ टेकवून दिला. त्या कितीतरी वेळ छेडत राहिल्या. आणि मग, ज्या मुखातून कित्येक महिने एक अक्षर निघाले नव्हते, त्यातून बारीकसा पण अचूक लागलेला एक स्वर निघाला. तो मी जुळवलेल्या चार तारांपैकी एकीचाही नव्हता. गांधार होता!

जाणकार सांगतील की यात चमत्कार नाही, आणि ते बरोबरच आहे. तंबोऱ्यात पंचम, दोन जोड आणि खर्ज एवढेच जुळवलेले असते. पण खर्जाची तार जशी सगळी मिळून हलते, तशी ती आपल्या अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांनीही हलत असते. त्या पाचव्या भागातून गांधार उमटतो. घोडीवर तारेखाली रेशमाचा दोरा सरकवून जवारी नीट उघडली की तो स्वच्छ ऐकू येतो. यालाच गवई स्वयंभू गांधार म्हणतात. गांधार आणि निषाद करुणरसाचे, असे शास्त्रवचन आहे खरे. पण प्राचीनांचा शुद्ध गांधार आजच्या कोमलाजवळचा, आणि तंबोऱ्यातला हा त्यांचा अंतर गांधार. तेव्हा ते वचन येथे ओढूनताणून लावू नये, हे पंडितांनी कान धरण्याआधी मीच सांगून टाकतो. त्या स्वरातले कारुण्य मी वचनावरून मानीत नाही. कानांनी ऐकले आहे.

तंबोऱ्याचे भोपळेसुद्धा आपल्या परिचयाच्या मातीतले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या परिसरात ते पिकतात आणि मिरजेच्या कारागिरांकडे येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

आणि त्या मिरजेतच अब्दुल करीम खाँसाहेबांनी वास्तव्य केले. स्वर सुरेल लागावा एवढ्यासाठी आयुष्य वेचलेला हा गायक. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असता त्यांनी देह ठेवला. समाधी मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि तेथे उरुसात दरवर्षी गवई हजेरी लावतात. त्यांची झिंझोटीतील एक ठुमरी तबकडीवर ऐकून गदगकडचा एक मुलगा वेडा झाला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्यास गुरू लाभले. त्या भीमसेनांचे अभंग आज आपल्या प्रत्येक घरी आहेत. ज्याने आपल्याला विठ्ठल ऐकवला, त्याला घराबाहेर काढले होते ते ठुमरीने! त्या तबकडीची लांबी तीन मिनिटांच्या आसपास.

तेव्हा मोठ्या गाण्याकडे जाऊ इच्छिणाऱ्याने रागांची नावे पाठ करीत बसू नये. भीमसेनांचा ओळखीचा अभंग ऐकावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आवाजातला विलंबित ख्याल. हातात वाती वळायला घेतल्या तरी चालतील, बोलणे मात्र नको. गायक षड्जावरून निघून परत षड्जावर केव्हा येतो, एवढेच पाहावे. पहिले चार-पाच दिवस मन पळेल. जपाच्या वेळीही ते पळतेच. म्हणून माळ कोणी खाली ठेवीत नाही.

आमच्या घरी आता सांजवातीनंतर पाव घटका तंबोरा वाजतो. विजेवरची पेटीही आणून पाहिली. त्यांनी ती डाव्या हाताने बाजूला सारली. जवारी आठवड्यातून एकदा बिघडते, आणि दोरा सरकवून ती नीट लागली की नाही हे ठरवण्याचा अधिकार मंडळींचा. मान हलली नाही, तर दोरा पुन्हा सरकवावा लागतो.