इम्प्लांट काढायचा, पण आवरणाचं काय?

अमेरिकी मॉडेल क्रिसी टीगनने 2020 मध्ये स्तनातले इम्प्लांट काढल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर असं उघडपणे सांगणाऱ्या प्रसिद्ध स्त्रियांची रांगच लागली. या बातम्यांबरोबर 'एन ब्लॉक' हा शब्दही पसरला. बायका सर्जनकडे थेट तीच मागणी घेऊन जातात. मला चिंता वाटते ती या मागणीची.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक पातळ आवरण तयार करतं. ते प्रत्येकीत होतं, तो आजार नव्हे. हे आवरण न फाडता इम्प्लांटसकट अखंड काढणं म्हणजे एन ब्लॉक. बीआयए-एएलसीएल या इम्प्लांटशी निगडित दुर्मीळ लिम्फोमात आवरण पूर्ण काढावंच लागतं. याच कॅन्सरमुळे 2019 मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीचे खरबरीत बायोसेल इम्प्लांट जगभरातून मागे घेतले गेले. तरीही काही त्रास नसलेल्या बायकांनी ते काढून घ्यावेत, असं अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने तेव्हा सांगितलं नाही.

इम्प्लांट असलेल्या काहीजणी थकवा, सांधेदुखी, विस्मरण अशा तक्रारी करतात, त्यांचं काय? कॅरोलिन ग्लिक्समन आणि पॅट्रिशिया मॅग्वायर या अमेरिकी सर्जननी अशा बायकांचा अभ्यास केला. 2022 मध्ये आलेला निष्कर्ष असा, की इम्प्लांट काढल्यावर बहुतेकींना बरं वाटलं. आवरण अखंड काढलं की अर्धवट, याने फरक पडला नाही. म्हणजे या तक्रारी मनाचे खेळ म्हणून झटकणं अन्यायाचं आहे आणि सरसकट एन ब्लॉक करणंही. स्नायूखाली बसवलेल्या इम्प्लांटचं आवरण बरगड्यांना चिकटलेलं असतं. ते ओरबाडताना रक्तस्राव होतो, क्वचित फुफ्फुसाच्या आवरणालाही इजा होते.

आवरण आकसून स्तन कडक, वेडावाकडा झाला असेल, दुखत असेल, तर मात्र ते काढणं योग्यच. मग नवा इम्प्लांट, तोही बहुधा वेगळ्या थरात, किंवा इम्प्लांटच नको. नको म्हटलं तर ओघळलेली त्वचा उचलून घेता येते, पोटा-मांडीची चरबी भरता येते. तिचा काही भाग शरीर शोषून घेतं. सगळं एकाच वेळी उरकण्याचा आग्रह धरू नये, स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, तेव्हा खर्च आधीच विचारावा.

आणि इम्प्लांट बसवून वर्षं उलटल्यावर एक स्तन अचानक सुजला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी सोनोग्राफी करून आतला द्रव काढावा आणि तो बीआयए-एएलसीएलचा शोध घेणाऱ्या सीडी30 तपासणीसाठी पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला सर्जनला सांगावं.