पंप टकटक करतो, दोष कोणाचा?

रोपवाटिकेचा प्रेशर पंप क्षणोक्षणी चालू-बंद होऊ लागला, की आपण प्रेशर स्विच बदलतो. तरी टकटक तीच! स्विच बिचारा हुकमाचा ताबेदार. २०-४० चा स्विच २० पौंडांवर मोटार चालू करतो, ४० ला बंद. आमच्या मते आधी फुग्याच्या टाकीकडे बघावे. तिच्यातली हवा गेली, की तांब्याभर पाणी काढताच दाब कोसळतो. अशाने मोटार जळते, आणि रोपे ऐन उन्हात कोरडी.

मेन स्विच पाडा, टाकीतले पाणी सोडा, मगच हवा मोजा. भरल्या टाकीवर मोजलेली हवा फसवी. चालू दाबापेक्षा २ पौंड कमी, म्हणजे १८ हवी. कमी भरली तर पंपाने मारा. व्हॉल्व्हमधून पाणीच आले, तर फुगा फाटला समजा.