मोठ्या आतड्याची तपासणी कोणी करून घ्यावी?

गुदद्वारातून लवचिक दुर्बीण घालून मोठ्या आतड्याचे अस्तर पाहण्याच्या परीक्षेस कोलोनोस्कोपी म्हणतात. १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. विल्यम वुल्फ व डॉ. हिरोमी शिन्या यांनी या दुर्बिणीतून तारेचा फास घालून आतड्यातील पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, काढला. तेव्हापासून ही परीक्षा निदानाबरोबर उपायही ठरली.

परंतु दोष आढळण्याचा संभव सर्वांच्या ठायी सारखा नसतो. वाढत्या वयाबरोबर तो वाढतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक असतो. आईबाप अथवा भावंडांपैकी कोणास आतड्याचा कर्करोग झाला असल्यास चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाच्या निदानसमयीच्या वयाहून १० वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा तपासणी करावी, असा वैद्यकाचा सल्ला असतो. धूम्रपान, मद्य व स्थूलता यांनीही धोक्यात भर पडते.

लक्षणांतही तारतम्य आहे. नुसते पोट दुखणे वा मलावरोध यांवरून फारसे अनुमान निघत नाही. मलातील रक्त, डोळ्यांस न दिसणारे पण मलपरीक्षेत उमटणारे रक्त आणि लोहाच्या उणिवेने आलेला पंडुरोग ही मात्र बोलकी चिन्हे होत. आपल्याकडे रक्त दिसले की मूळव्याध समजून, लाजेपायी ते लपविले जाते. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते ठरविणे रोग्याचे काम नव्हे. कोंबाचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. इतका अवधी निसर्ग देत असता तो संकोचात दवडू नये.