छोट्या ट्रॅक्टरला पाते किती फुटी घ्यावे?



गेल्या काही वर्षांत शहागड व आसपासच्या गावांत छोटे ट्रॅक्टर बरेच दिसू लागले आहेत. उसाची लागण साडेचार-पाच फुटी सरीवर होऊ लागली, आणि त्या सरीतून आंतरमशागत करायला १५ ते २७ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टर सोयीचा पडतो. समाजकल्याण खात्याच्या योजनेतून ९ ते १८ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर काही बचत गटांकडेही आले. ट्रॅक्टर दारात आला की पाठोपाठ औजारांची खरेदी सुरू होते. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मापाप्रमाणेच मिळतो, त्यात फारसे चुकत नाही. रिजरचेही तसेच. फसगत होते ती रान सपाट करायचे पाते घेताना, कारण ते गावोगावच्या वर्कशॉपमध्ये मागाल त्या मापाचे बनवून मिळते.

आम्ही बोलतोय ते पेटीच्या पात्याबद्दल. मागे उभे पाते, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती आणि पुढे खालीवर करता येणारे दाते. कोणी त्याला बॉक्स ब्लेड म्हणतात, कोणी सरळ ट्रॅक्टरची केणी म्हणतात; आणि ते बरोबरच आहे, कारण काम केणीचेच आहे. उंचावरची माती खरडायची, पेटीत ओढत न्यायची आणि खोलगट जागी सोडायची. नुसत्या सपाट पात्याच्या कडेने माती निसटून जाते, पेटीत ती धरून राहते. १९७६ साली जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, पुढे डाव्या कालव्याचे पाणी या भागात फिरले, तेव्हा जुन्या माणसांनी बैलांच्या केणीने जमिनी पाणभरीच्या केल्या. ती केणी दोन बैल ओढतील एवढीच असायची. बैलाच्या ताकदीबाहेरचे औजार कोणी जुंपत नसे. ट्रॅक्टर आला आणि हा साधा हिशेब आपण विसरलो.

एका सभासदाचे उदाहरण सांगतो. ट्रॅक्टर २१ अश्वशक्तीचा. शेजाऱ्याच्या ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सहा फुटी पाते, म्हणून विकणाऱ्यानेही यांना सहा फुटीच गळ्यात मारले. ‘एका फेरीत जास्त काम होईल’ असे सांगितले. खोडवा मोडून रान तयार केलेले होते. पेटी अर्धी भरली की मागची चाके जागीच फिरायची. मग हायड्रॉलिक उचलायचे, माती तिथेच पडायची, पुढे दोन पावलांवर पुन्हा तेच. दोन दिवसांनी रानात लाटा तयार झाल्या. पाणी दिल्यावर तर सगळेच उघडे पडले. खोलात टिपऱ्या कुजल्या आणि उंचवट्यावर कोंबच वर आले नाहीत. नांग्या भरूनही तो प्लॉट एकसारखा झाला नाही. डिझेल गेले, बेणे गेले, आणि गाळपाला आलेले टनेज काय असणार ते आपणच ओळखावे.

तेव्हा माप ठरवताना पहिली गोष्ट चाकांची. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा आणि मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत टेप लावा. पाते त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी निदान तीन-तीन इंच जास्त पाहिजे, नाहीतर चाकांनी दाबलेले पट्टे पात्याच्या बाहेर राहतात. खर्च वाचवायला काही जण तीन फुटी पाते घेतात, त्यांच्या रानात हे पट्टे पडलेले दिसतील. अरुंद ट्रॅक्टरचे हे अंतर बहुधा सव्वातीन ते साडेतीन फूट असते. म्हणजे पाते चार फुटी. मात्र काही जण तोल चांगला राहावा म्हणून चाके बाहेर ओढून घेतात. मग पावणेचार-चार फूट होतात आणि पाते साडेचार फुटी लागते. चाके सरीत चालताना कशी ठेवणार आणि रान करताना कशी, हे आधी ठरवून मगच टेप लावावी.

दुसरी गोष्ट ताकदीची. ढोबळ मानाने फुटाला पाच अश्वशक्ती धरावी. २० अश्वशक्तीला चार फूट, २४ ते २७ ला साडेचार, फार तर हलक्या जमिनीत पाच. १५ अश्वशक्तीला हिशेबाने तीनच फूट येतात, पण चाके झाकली पाहिजेत म्हणून चार फुटी घ्यावे लागते. तेव्हा तिथे पेटीची उंची कमी ठेवावी आणि पेटी अर्धीच भरून ओढावी. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत नेहमी खालचे माप धरा. मुरमाड, हलक्या रानात थोडे सैल चालते.

पण आमच्या मते अश्वशक्तीपेक्षाही वजन महत्त्वाचे आहे, आणि ते कोणी विचारतच नाही. इंजिन कितीही ओढो, चाकांना पकड पाहिजे. मोकळ्या केलेल्या रानात ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या निम्म्याएवढीही ओढ देईल याची खात्री नसते. चार फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत माती उतरती साठते, ती साधारण ६ घनफूट होते. मोकळी काळी माती घनफुटाला ३५ किलोच्या आसपास धरली, तर २०० किलोंवर भार झाला. सहा फुटी पेटीत तो ३०० च्या पुढे जातो. शिवाय पात्याचे स्वतःचे वजन आहेच. चार फुटी हलके पाते सव्वाशे किलोंच्या आसपास, सहा फुटी दणकट असेल तर अडीचशे.

आता पुढच्या चाकांकडे बघा. समजा ट्रॅक्टर ७०० किलोंचा आहे आणि त्यातले २८० किलो पुढच्या चाकांवर आहेत. पुढच्या व मागच्या आसातले अंतर दीड मीटर, आणि उचललेल्या पात्याचे वजन मागच्या आसापासून ९० सेंटिमीटरवर लोंबकळते आहे. अडीचशे किलोंचे पाते उचलले की पुढचा भार १५० किलोंनी घटतो, उरतात १३०. सव्वाशे किलोंच्या पात्याने तो ७५ किलोंनीच घटतो, २०५ उरतात. ट्रॅक्टर आणि औजार मिळून जे वजन होईल त्याचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा दंडक आहे. पहिल्या हिशेबात १९० पाहिजेत, आहेत १३०. बांधावर चढताना किंवा चारी ओलांडताना असा ट्रॅक्टर पुढून हलका पडतो, स्टिअरिंग ऐकत नाही आणि कधी तोंड वर करतो. चालक बहुतेक घरचाच पोरगा असतो, हे विसरू नका. हायड्रॉलिक सातशे किलो उचलते असे पुस्तकात लिहिलेले असले, तरी तेवढे उचलून चालवता येते असा त्याचा अर्थ नाही.

मग एवढ्या लहान पात्याने रान होणार कसे, असा प्रश्न सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे. एक एकरावर एक इंच मातीचा थर म्हणजे ३,६३० घनफूट, आपल्या भाषेत ३६ ब्रास. चार गुंठ्यांचा उंचवटा तीन इंच उतरवायचा म्हटला तरी जवळजवळ ११ ब्रास माती हलते. मोकळी झाली की ती फुगते, म्हणून सव्वादोनशे खेपा धरा. खेपेला दोन-तीन मिनिटे लागली तर ८ ते ११ तास. एवढे काम घरच्या ट्रॅक्टरने जरूर करावे. पण अर्धा एकर फूटभर उतरवायचा असेल, तर तो मोठ्या ट्रॅक्टरचा आणि लेझर लेव्हलरचा धंदा आहे. ते भाड्याने एकदा आणा, आणि पुढे दरवर्षीची डागडुजी आपल्या चार फुटी पात्याने करा. वर्षातून दोन दिवसांच्या मोठ्या कामासाठी बाराही महिने मोठे पाते बाळगण्यात काही अर्थ नाही.

खरडण्याला एक मर्यादाही आहे. काळ्या थराखाली चुनखडीची पांढरी लागते, किंवा मुरूम. वरची माती ओढून नेली की तिथे पुढे केवडा पडतो, खोडव्यात तर हमखास. आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळी किती खोल आहे ते पाहा. जिथून माती नेली तिथे शेणखत किंवा मळी कंपोस्ट जास्त टाका, आणि पिवळेपणा दिसला तर माती तपासून लोह व जस्त द्या.

काम वाफशावर करावे. ओल जास्त असताना काळी दाबली की विटेसारखी होते, अगदी कोरडी असली तर नुसती ढेकळे पळतात. आडसालीसाठी रान एप्रिल-मे मध्ये मोकळे असते, तेव्हा आधी रोटाव्हेटर मारून घ्या, मग पाते. टॉप लिंक आखूड केली की पाते पुढे कलते व जास्त खाते, लांब केली की नुसते सारवल्यासारखे चालते. पहिल्या फेऱ्या आखूड ठेवून, शेवटच्या दोन लांब ठेवून आणि आडव्या-तिरप्या घ्या. चाल माणसाच्या चालीपेक्षा जास्त नको. सरीला शंभर फुटांत दोन ते चार इंच उतार राहिला की पुरे. ठिबकवाल्यांनी एवढे काटेकोर नाही केले तरी चालेल, पण खळगे त्यांनाही भोवतात, पावसाळ्यात पाणी तिथेच थांबते.

वर्कशॉपला सांगताना एवढे पक्के करा. खालची कड बोल्टची, उलटी करून बसवता येणारी असावी. वेल्डिंगने कायमची जोडलेली घेऊ नये. दाते पिनेवर खालीवर होणारे असावेत. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या व वरची १९ ची असते, मोठ्याच्या २८ व २५ च्या. चुकीच्या पिनेवर बुश घालून भागवतात आणि पाते डुगडुगते. दोन खालच्या पिनांमधले अंतर ट्रॅक्टर समोर उभा करूनच घ्या. काही छोट्या ट्रॅक्टरांचे ते नेहमीपेक्षा कमी असते, आणि तयार पाते आणले तर घरी आल्यावर हात जुळत नाहीत.

ज्यांना रानाची पातळी काढून पाहिजे त्यांनी गट नंबर, क्षेत्र व लागणीचा हंगाम लिहून ऊसविकास विभागाच्या आपल्या गट कार्यालयात अर्ज द्यावा. नांगरट झाल्यावर, रोटाव्हेटरच्या आधी आमचे कर्मचारी डंपी लेव्हल घेऊन येतील व खुंट्या मारून देतील.