बकरीद, गिधाडे आणि काचेची एक कुपी

गेल्या बकरीदच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. आमच्या घरी आणलेला बोकड मागच्या पायाने लंगडू लागला. लंगडे जनावर कुर्बानीला चालत नाही, त्यामुळे घरात सगळेच काळजीत. धाकटे दीर औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची काचेची एक कुपी घेऊन आले. "माणसांचे आहे, पण जनावरालाही लागू पडते," असे दुकानदाराने सांगितले होते. मी कुपीवरचे नाव वाचले. डायक्लोफेनॅक.

"हे जनावराला द्यायला कायद्याने बंदी आहे. याने गिधाडे मरतात," मी म्हटले.

दीर हसले. "भाभी, आपला बोकड गिधाडांच्या तोंडी कुठे जाणार आहे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर मात्र लांबचे आहे.

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आकाशात घिरट्या सुरू होत. मराठीत काय किंवा उर्दूत काय, आपण गिधाडाचे नाव शिवीसारखेच वापरत आलो. तो पक्षी आपल्यासाठी काय करत होता, ते तो गेल्यावर कळले. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांची मोजणी करत. नव्वदच्या दशकात त्यांना घरटी रिकामी आणि झाडांखाली मेलेली गिधाडे दिसू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. म्हणजे हजारांमागे एक उरले. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांचीही अशीच दशा झाली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे ही तूट भरून यायला पिढ्या जाव्या लागतात.

आधी सर्वांना रोगाचा संशय होता. कारण सापडले पाकिस्तानातील पंजाबात. तिथे लिंडसे ओक्स या शास्त्रज्ञाच्या पथकाने मेलेली गिधाडे तपासली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसला होता. अशा प्रत्येक गिधाडाच्या शरीरात डायक्लोफेनॅक होते. गुरांना दुखण्यावर, तापावर हे स्वस्त औषध सर्रास दिले जाई. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेले, तर ते खाणारे गिधाड काही दिवसांत मरत असे. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

दिरांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका हिशेबात आहे. एवढी गिधाडे मरायला किती मृत जनावरांत विष असावे लागेल? शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तर ७६० ते १३० जनावरांमागे फक्त एक पुरेसे ठरत होते. एका ढोरावर पन्नास-पन्नास गिधाडे बसतात हे लक्षात घेतले, की हे पटते. म्हणूनच दयाळू माणसे इथे पुरी पडत नाहीत. शंभर घरांनी काळजी घेतली आणि एकाने नाही घेतली, तरी गिधाडांचे मरण चुकत नाही. इथे सगळ्यांना लागू होणारा नियमच लागतो.

आणि नियम झाला. मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदीची शिफारस केली. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी पाऊल उचलले. एरवी ज्यांचे फारसे कशावर जमत नाही, त्यांचे गिधाडांवर जमले, हेही नोंदवण्यासारखे आहे. नुसती बंदी घालून भागले नसते, कारण शेतकऱ्याची म्हैस तर दुखण्याने कण्हतच राहणार. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांत दिसले. पर्याय हातात होता म्हणून बंदीला अर्थ आला.

तरी पळवाट राहिलीच. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचू लागल्या. तेव्हा २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांचे इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच विकायचे असे ठरवले. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम ठेवला. गाई-म्हशीला अशा अनेक कुप्या फोडाव्या लागतात, म्हणून हा उपाय तिथे चालतो. बोकडाला मात्र एक कुपी पुरते. आमच्या घरी आली ती हीच.

पुढे आणखी औषधे घातक निघाली. ॲसिक्लोफेनॅक तर गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते. त्यावर आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, नंतर निमेसुलाइडवर. माझे म्हणणे असे की हा क्रमच उलटा आहे. आधी औषध बाजारात, मग गिधाडांचे मरण, मग वर्षानुवर्षांची पत्रापत्री, मग बंदी. जनावरांच्या वेदनाशामक औषधाला परवाना देण्याआधीच ते गिधाडांना सुरक्षित आहे का हे तपासायला हवे. ही मागणी पक्षीतज्ज्ञ करतात. ती आपणही करायला हवी, कारण नुकसान माणसांचेही झाले. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली. सडणारी ढोरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज, असा तो साखळदंड आहे.

पक्ष्यांचे ज्ञान दरबारापर्यंत नेण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या सालिम अली नावाच्या अनाथ मुलाला एक पिवळ्या गळ्याची चिमणी सापडली आणि तिच्या मागे तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोहोचला, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच माणसाने मोठेपणी भरतपूरची पाणथळ जागा शेतीसाठी जाऊ नये म्हणून थेट पंतप्रधानांपर्यंत शब्द टाकला, केरळच्या सायलेंट व्हॅलीसाठी आवाज उठवला आणि १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. विभू प्रकाशांना गिधाडे मोजायला ते उद्यान जागेवर होते, ते अशा धडपडीमुळे.

वर्गात एका मुलाने विचारले होते, "मॅडम, गिधाड तर हराम आहे ना?" खायला हराम आहे, बाळा, मारायला हलाल आहे असे कोणी सांगितले? पवित्र कुरआनात पंखांनी उडणाऱ्या पाखरांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. एका प्रवासात काही सहाबांनी पाखराची दोन पिले उचलली, तेव्हा फडफडणाऱ्या आईला पाहून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती परत ठेवायला लावली, ही हदीस मुलांना पाठ असते. पिले परत ठेवणे सोपे. कुपी परत करणे जरा अवघड, कारण तिथे फडफडणारी आई दिसत नाही.

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या जंगलात पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून घरटी करतात. वनविभाग, पक्षीप्रेमी संस्था आणि गावकरी यांनी ती जपली आहेत. ज्या तालुक्यात आपली वस्ती मोठी आहे, तिथलीच ही गोष्ट. बकऱ्या पाळणारे, दूधवाले, खाटीक, औषधांची दुकाने चालवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दिल्लीतला नियम पाळला जातो की मोडतो, ते यांच्या गल्ल्यावर आणि गोठ्यात ठरते.

आमचा बोकड सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी खुरात रुतलेला काटा काढला आणि मेलॉक्सिकॅम दिले. तीन दिवसांत तो नीट चालू लागला. कुपी दिरांनीच दुकानात परत केली. दुकानदाराला बंदीचा पत्ता नव्हता, निदान त्यांनी तसे सांगितले.

बकरीदच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. नगरपालिकेचे अधिकारी येतात. पाणी, वीज, कचऱ्याच्या गाड्या यांवर बोलणे होते. जनावरांच्या औषधाचा विषय तिथे कधी निघत नाही. यंदा दीर बैठकीला जातील तेव्हा माझा अर्ज घेऊन जाणार आहेत. अर्जात दोनच मागण्या आहेत : ईदच्या बकरा बाजारात पशुवैद्य आणि मेलॉक्सिकॅम ठेवावे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी ईदच्या आधी गावातील औषध दुकानांना बंदी असलेल्या औषधांची यादी लेखी द्यावी. खाली आठवीच्या एकेचाळीस मुलांच्या पालकांच्या सह्या आहेत. पहिली सही त्या दुकानदारांची आहे. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात शिकते.